नगर ते हरेगाव : घ्या म्हणून विनवणाऱ्यांची वाट

सप्टेंबर लागला की नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत हरेगावचा विषय सुरू होतो. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिवस. त्याच्या आगेमागे येणाऱ्या शनिवार-रविवारी श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला, संत तेरेजा चर्चच्या आवारात, मतमाउलीची, म्हणजे मरियेचीच, यात्रा भरते. त्याआधी नोव्हेना, म्हणजे यात्रेच्या तयारीच्या खास प्रार्थना असतात. नाशिक, संभाजीनगर, पुणे, मुंबई, कुठून कुठून माणसं येतात. बहुतेक जण एसटीने नाहीतर टेम्पोने येतात. आम्ही चालत जातो.

आमची दिंडी छोटी. पुढे निळा-पांढरा झेंडा, मागे फुलांनी सजवलेल्या हातगाडीवर माउलीची मूर्ती, मध्ये टाळ, ढोलकी आणि जपमाळ. एक जण ‘नमो कृपापूर्ण मरिये’ सुरू करतो, बाकीचे पुरी करतात. जपमाळ संपली की भजनं. नारायण वामन टिळक नगरला बरीच वर्षं राहिले, त्यांची भजनं इथल्या लोकांच्या तोंडी आहेत, कॅथलिक असो की प्रॉटेस्टंट. विळद घाट, कृषी विद्यापीठ, राहुरी, देवळाली प्रवरा, बेलापूर, श्रीरामपूर असा रस्ता आहे. घाट उतरेपर्यंत ऊन भाजून काढतं आणि विद्यापीठाच्या पुढे हटकून पाऊस गाठतो. दोन्ही बाजूला कणसात आलेली बाजरी, मग मुळा-प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस. चालण्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. पाय दुखतात, फोड येतात, ते कुठल्याही वारीत येतात. मला सांगायचंय ते रस्त्यात भेटलेल्या माणसांबद्दल.

राहुरीच्या अलीकडे एका वस्तीजवळ बाभळीखाली एक म्हातारी बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी, शेजारी पितळेच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी. गुडघे सुजून पाय वाकडे झालेले. दिंडी जवळ आली तशी ती काठी टेकत उठली आणि मी पुढे होते म्हणून माझाच हात धरला. आम्ही नुकतेच एका ठिकाणी पोटभर पोहे खाल्ले होते, म्हणून मी म्हटलं, “आजी, आत्ताच झालं खाणं, राहू द्या तुम्हाला.” तिने हात सोडला नाही. म्हणाली, “न्हाई म्हनू नको गं माय. धा वर्सं झाली, माझ्याच्यानं हरेगावला जावत न्हाई. माझी भाकर तरी तुज्या पोटातून माउलीपातूर जाऊ दे.”

मी तिथेच धुळीत बसून चतकोर भाकरी खाल्ली. बाजरीची, चुलीवरची, एका बाजूला जरा करपलेली. ती माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी लग्नाच्या मांडवातही क्वचित पाहिलाय. बाकीची भाकरी तिने सगळ्यांना वाटली, तुकडा तुकडा. फडकं रिकामं झालं तेव्हा ते झटकून डोक्याला बांधलं आणि नजरेआड होईपर्यंत आम्हाला हात करत राहिली.

बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले आहे. जेरुसलेममधल्या गरीब बांधवांसाठी पौल मदत गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात आणि संकटात होत्या. पौल त्यांच्याबद्दल लिहितो की त्यांनी ऐपतीप्रमाणे दिलं, ऐपतीबाहेरही दिलं, आणि आम्हालाही या सेवेत भाग घेऊ द्या म्हणून त्यांनीच आग्रहाने विनवणी केली. इथे विनवण्या देणाऱ्याच्या आहेत. एरवी जगात घेणारा हात पसरतो आणि देणारा वरून बघतो. बाभळीखाली ते उलटं झालेलं मी पाहिलं, आणि पौल काय सांगत होता ते मला त्या दिवशी पुरतं समजलं. पुढच्याच अध्यायात तो म्हणतो की संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. हा संतोष देऊन झाल्यावर वरून मिळणारं बक्षीस आहे असं मला वाटत नाही. तो आधीच तिथे असतो, म्हणून तर माणूस रस्त्याच्या कडेला येऊन वाट बघत बसतो.

आमच्या लोकांच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. अमेरिकन मिशनरी नगरला आले १८३१ साली. पुढे १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला, मिशनने अन्न दिलं, कामं काढली, आणि त्या काळात व त्यानंतर गावकुसाबाहेरची बरीच कुटुंबं ख्रिस्ती झाली. तेव्हापासून ‘भाकरीसाठी बाटलेले’ हा शब्द आमच्या पाठीला चिकटला. माझ्या आजीने तो ऐकला, आईने ऐकला, शाळेत मीही ऐकला. भुकेल्याने भाकरी घेतली यात लाज कसली, हे मी आज छातीठोकपणे विचारते. पण त्या भाकरीचं आमच्या घरांनी पुढे काय केलं, तेही सांगितलं पाहिजे. माझी आजी रोज स्वयंपाकाला बसताना पिठातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. महिनाअखेर ते मडकं चर्चमध्ये जायचं आणि तिथून ज्याच्या घरी चूल थंड असेल त्याच्याकडे. घरात पीठ कमी असलं तरी मूठ चुकली नाही. बायबलमधल्या सारफथच्या विधवेने शेवटच्या मूठभर पिठाची भाकर आधी एलीया संदेष्ट्याला दिली आणि तिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही, ही गोष्ट आजी सांगायची तेव्हा मला वाटायचं ही आमच्याच गल्लीत घडली आहे.

आमच्याकडच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होतो, तोही बघण्यासारखा असतो. पहिलं पीक वेदीपुढे येतं: ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की अंगणात लिलाव. गेल्या खेपेला एका रिक्षावाल्या भावाने साधा दुधी भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लावून घेतला आणि लगेच परत टेबलावर ठेवला, “पुन्हा पुकारा.” तोच भोपळा मग दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत ठेवला. सगळं अंगण हसत होतं, टाळ्या वाजत होत्या. जमलेल्या पैशांतून दोन मुलींची शाळेची फी भरली गेली. कुणाच्या मुली, हे पंचमंडळी सोडून कुणाला माहीत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभू येशूने सांगितलंय, आणि एवढ्या गलक्यातही ते पाळलं जातं.

वाटेवर देणारे सगळे ख्रिस्ती नसतात, हेही मुद्दाम लिहिते. देवळाली प्रवरेच्या पुढे एका मुस्लिम चहावाल्याने अख्ख्या दिंडीला चहा पाजला. पैसे काढले तर हात मागे घेतला, म्हणाला, “मरियमच्या नावाने चाललात, तुमचे पैसे कसे घेऊ?” बेलापुरात मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर पथारी टाकायला जागा मिळाली आणि गावातल्या मुलांनी पाण्याच्या बादल्या आणून ठेवल्या. गार पाण्याचा एक प्याला देणाराही आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तो प्याला देणाऱ्याचा धर्म प्रभूने विचारलेला नाही.

त्याच रात्री ओसरीवर एक वयस्क गृहस्थ खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. शेती महामंडळाच्या मळ्यात उभा जन्म राबलेले, हाताला घट्टे. एकेकाचे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागले. माझी पाळी आली तेव्हा मी पाय ओढून घेतले. वडिलांच्या वयाच्या माणसाने माझे पाय धरायचे, हे मला सहन होईना. ते शांतपणे म्हणाले, “पोरी, पेत्रपण असंच म्हणाला होता.” शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला लागला, तेव्हा पेत्र म्हणाला होता, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. त्यावर प्रभूचं उत्तर होतं, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. मी पाय पुढे केले. देणाऱ्याला त्याचा आनंद मिळायचा तर कुणीतरी मोकळ्या मनाने घ्यावंही लागतं. माझ्यासारख्या, कुणाचे उपकार नकोत म्हणत वाढलेल्या बाईला हे जड जातं. प्रभूने स्वतः मात्र शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, एका मुलाच्या पाच भाकरी आणि दोन मासे घेतले, बेथानीला आपल्या डोक्यावर सुगंधी तेल ओतू दिलं. एकदाही तो राहू दे म्हणाला नाही.

हरेगावला पोचलो तेव्हा आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मेणबत्त्यांचे ढीग, नवस फेडायला आलेली जोडपी, खांद्यावर झोपलेली बाळं. उघड्यावर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, झाली. अर्पणविधीच्या वेळी पदराच्या गाठीतून सुटलेल्या नोटा, हार, नारळ पुढे चालले होते. मी त्या आजीच्या नावाने एक मेणबत्ती लावली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून ‘बाभळीखालची आजी’ एवढंच म्हणून प्रार्थना केली, माउलीला ती ओळखू आली असणार.

परतताना टेम्पोत आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींनी विषय काढला. ज्येष्ठात त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, ती बेलापूर, राहुरी करत नगरला येते आणि पुढे पंढरपूरला जाते. “आपल्याला वाटेवर लोकांनी एवढं खाऊ घातलं, आता वारकऱ्यांना चहा आपला,” मावशी म्हणाल्या. लगेच टेम्पोत वाद सुरू झाला. दूध मी आणणार, नाही मी आणणार. साखरेवरून तर दोन बायका विळद येईपर्यंत भांडत होत्या, मागच्या वेळी तूच आणलीस, आता माझी पाळी म्हणून. शेवटी निम्मी निम्मी आणायची ठरली. कप धुवायचं काम मी मागून घेतलं.