घरी बनवलेल्या, गाडीमागे जोडायच्या ट्रेलरला पासिंग मिळतं हो इथे अमेरिकेत!

परवा इथल्या सरकारी काउंटरवर ७५ डॉलर भरले, वजनाची पावती दाखवली आणि बाईंनी माझ्या गॅरेजमध्ये बनवलेल्या ट्रेलरची नंबर प्लेट हातात ठेवली. कायमची! मिशिगनमध्ये ट्रेलर २५०० पाउंडांच्या आतला असला की एकदाच पैसे भरायचे, रिन्यूअल नाही. काट्यावर वजन करून आणायचं, बस. कंपनी कुठली, कोणाचं पत्र आणलंय, काही नाही. मी अँगलच्या बिलापासून पासपोर्टपर्यंत सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स नेलेल्या, शेवटी आपण आरटीओत वाढलेली माणसं. फाईल उघडायची वेळच आली नाही, आणि खरं सांगतो, थोडा अपमानच वाटला.

आता तुम्ही म्हणाल ट्रेलर हवाय कशाला. मुंबईत नाहीच लागत, प्लायवूड आणायचं तर छोटा हत्तीवाल्याला फोन केला की तो चढवाउतरवायला माणूसही घेऊन येतो. इथे चढवणारे आपण, उतरवणारे आपण. भाड्याने ट्रेलर मिळतो पण तो वेळेत परत करा, आणि लाकूड, बागेची माती, मंडळाच्या गणपतीचं मखर असं काही ना काही चालूच असतं. तयार घ्यायला बजेट नव्हतं म्हणून बनवला. हौस होती असं बायको सांगते, तिचं ऐकू नका.

अँगल भंगारातून घेतले. इथलं भंगार यार्ड म्हणजे कुर्ल्याची मजा नाही, घासाघीस नाही, काट्यावर टाका, पैसे द्या, निघा. अ‍ॅक्सल, हब, टायर आणि कपलर (ट्रेलर गाडीला अडकवायचा भाग) मात्र नवीन, तिथे कंजूषी केली तर हायवेवर चाक आपल्याला ओव्हरटेक करून जातं. बाकी सुटं सामान मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात एका फेरीत मिळालं असतं, इथे चार बोल्ट कमी पडले की गाडी काढा.

बाबा बेस्टच्या दादर वर्कशॉपमधून रिटायर झालेले, ते व्हिडिओ कॉलवर मुकादम. "अरे, पुरा जोड मारू नकोस! आधी टॅक मार, वेल्डिंगचे नुसते ठिपके, आणि दोन्ही डायगोनल मोज. सारखे नसले तर फ्रेम तिरकी."
"मोजले बाबा."
"परत मोज."

अ‍ॅक्सल मधोमध नाही, जरा मागे लावतात, म्हणजे साधारण ६० टक्के माल त्याच्या पुढे बसतो. गाडीमागच्या बॉलवर, म्हणजे कपलर बसतो त्या गोळ्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा (मी बाथरूमच्या वजनकाट्यावर मोजला), तो कमी पडला की स्पीडला ट्रेलर डावीउजवीकडे झोलायला लागतो आणि मग गाडीही ऐकत नाही. गाडी आणि ट्रेलरमधल्या साखळ्या खालून क्रॉस लावायच्या, कपलर निसटलाच तर ट्रेलरचा पुढचा दांडा रस्त्यात न घुसता त्यांच्यावर अडकतो. वायरिंग सोपं आहे, पांढरी अर्थिंगची, ब्राऊन टेल लाइट, पिवळी डावीकडे, हिरवी उजवीकडे.

आणि एवढं सगळं मी केलंय का, हे कोणी बघितलंच नाही! ब्रेकलाइट लागतो का हेही नाही. म्हणजे विश्वास ठेवतात म्हणून कौतुक करायचं की कोणी तपासत नाही म्हणून घाबरायचं? इथे नेहमीच्या गाड्यांचंही दरवर्षी फिटनेस नसतं, हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात त्याने पत्रा सडलेल्या गाड्या बिनधास्त पळतात. आपल्या आरटीओला मीही शिव्या दिल्यात, पण हीच सूट मुंबईत दिली तर रस्त्यावर काय काय येईल विचार करा. आणि बनवता येत नाही म्हणून नाही हां, लालबाग-परळला गणपतीच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरांचा हात इथलाही कोणी धरणार नाही. जागेचाच प्रश्न आहे, चाळीत ट्रेलर लावणार कुठे, जिन्यात?

मामा म्हणाले, इंजिनीअर होऊन हमालीच करतोस. करतो. पुढच्या महिन्यात मंडळाचं मखर माझ्याच ट्रेलरवर जाणार आहे, आणि जड पेट्या कोणी मागे टाकल्या तर सगळं उतरवून परत भरायला लावणार, अध्यक्ष असले तरी.