पहिली दहा मिनिटं

सोमवार

वर्षातला सर्वांत लहान दिवस उलटून गेला, तरी पहाटे पळणाऱ्यांच्या पदरात अजून काही पडलेलं नाही. 22 डिसेंबरनंतर दिवस मोठा होत जातो हे खरं, पण तो आधी वाढतो संध्याकाळच्या टोकाला. सूर्य उशिरा मावळायला लागतो आणि आणखी काही दिवस उगवतोही उशिराच. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, कक्षेत जरा जोरात धावते, त्यात आसाचा कल. या दोहोंमुळे या दिवसांत खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच येण्याची वेळ, घड्याळात रोज काही सेकंद पुढे सरकत राहते आणि उगवणं-मावळणं दोन्ही आपल्याबरोबर पुढे ओढते. पृथ्वीच धावायला लागल्यावर तक्रार कोणाकडे करायची! संध्याकाळी पळणाऱ्यांची मात्र चैन.

बरं, नुसता काळोख असता तरी चाललं असतं. जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, त्यामुळे पारा सर्वांत खाली जातो तो मध्यरात्री नाही, सूर्योदयाच्या सुमाराला. म्हणजे मी धरलेली वेळ चोवीस तासांतली सर्वांत गार. ती बदलायची सोय नाही. आठनंतरचा दिवस ऑफिसचा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर माझी एकच हालचाल होते, आडवं होण्याची.

आज 3 अंश. आठ किलोमीटर, निवांत. पहिली दहा मिनिटं नेहमीसारखीच वाईट, मग ठीक.

मंगळवार

पळताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातला जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणून पळणाऱ्यांत एक ठोकताळा आहे: बाहेरच्या तापमानात दहा अंश मिळवायचे आणि तेवढ्या हवेत नुसतं उभं राहायला जे घातलं असतं तेच घालायचं. 3 अंश असतील तर 13 अंशांचे कपडे. ठोकताळा पक्का आहे, फक्त त्याचा हप्ता सुरुवातीलाच भरावा लागतो. दारातून निघतानाच छान ऊबदार वाटत असेल, तर तिसऱ्या किलोमीटरला घामाघूम होणार हे नक्की. आणि घामाने भिजलेलं कापड अंगाला चिकटलं की ऊब झरझर जाते, कारण पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढून नेतं. सुती बनियन त्यामुळे केव्हाच बाद झालं. आत घाम न धरणारा टी-शर्ट, वर वारा अडवणारं पातळ जाकीट, कानांवर पट्टी. संपलं.

हे सासूबाईंना पटणं शक्य नाही. मी निघते तेव्हा त्या उठलेल्या असतात.

"अगं, एवढ्याशा कपड्यांत कुठे निघालीस? स्वेटर तरी घाल."

"आई, दहा मिनिटांत अंग गरम होतं."

"आणि ती दहा मिनिटं?"

याला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

हातांचं दुखणं निराळंच. थंडी वाजायला लागली की शरीर आतल्या अवयवांसाठी ऊब राखून ठेवतं, बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि पाय मजेत पळत असताना बोटं मात्र बधिर. पाच बोटं वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे बरे, बोटांची ऊब बोटांत राहते. माझ्या जोडीतल्या उजव्या अंगठ्यावर टॉवेलसारख्या कापडाचा एक तुकडा शिवलेला आहे. तो कशासाठी, हे विकत घेताना कळलं नव्हतं. पहिल्याच थंड सकाळी कळलं. गार कोरडी हवा गरम आणि दमट करून आत सोडायचं काम नाकाकडे असतं, ते काम वाढलं की नाक पाणी जास्त सोडतं आणि सोडतच राहतं. परत येईपर्यंत तो तुकडा कडक होऊन कडेला पांढुरका पडलेला असतो. धावपटूंच्या फोटोंत हे कधी दिसत नाही.

बुधवार

विश्रांती. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले, तासाभराने बदलले. हीटरजवळ ठेवले तर लवकर वाळतात, पण तळव्याचा गोंद सैल पडतो. तशीही थंडीत तळव्याची फोम कडक झालेली असते, पहिल्या किलोमीटरला लाकडी फळीवर आपटल्यासारखं वाटतं. पाय आणि बूट दोघेही एकदमच नरम होतात.

गुरुवार

आज कोपऱ्यावर काका भेटले. काका म्हणजे माझे कोणी नव्हेत. रोज समोरून येतात, सत्तरीच्या आसपास असतील, पळतात माझ्यापेक्षा हळू आणि बोलतात माझ्यापेक्षा जास्त. आज वळून बरोबर आले.

"काय ताई, आज छातीत कळ येतेय का हवेची?"

येत होती. घशात आणि छातीच्या वरच्या भागात जळजळ, सुरुवातीला हमखास. लोक म्हणतात, फुप्फुसं गारठतील. तसं होत नाही. हवा खोल आत पोचेपर्यंत नाक, घसा आणि श्वासनलिका तिला जवळजवळ शरीराइतकी गरम करतात. जळजळ होते ती वाटेतल्या कोरडेपणाने. जोरात पळू तेवढी जास्त हवा तोंडाने ओढावी लागते, वाट तेवढी जास्त सुकते. काही जणांच्या श्वासनलिका त्याने आवळतात, पळणं थांबल्यावर खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते. त्यांनी हे अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावं. माझं तेवढं नाही. तोंडावर बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, ओढला की सोडलेल्या श्वासाची वाफ त्यात राहते आणि पुढचा श्वास जरा ओला मिळतो. थोड्या वेळाने बफ ओलाचिंब होतो आणि गळ्यात येतो, पण तोवर गरजही उरलेली नसते.

घड्याळाने आज कहर केला. रमतगमत पळत असताना हृदयाचे ठोके 184 दाखवले. मनगटावरचं घड्याळ त्वचेखालचं रक्त प्रकाशाने मोजतं. थंडीत त्वचेकडे रक्तच कमी, मग ते पावलांचाच ठेका मोजून मोकळं होतं. छातीला पट्टा लावला की आकडा शहाण्यासारखा येतो. पण निवांत पळण्यासाठी मला काका पुरतात. त्यांना उत्तर देताना पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं, तर वेग बरोबर. आज आम्ही त्यांच्या नातवाची शाळा, गुडघे आणि पेन्शन एवढं सगळं उरकलं. म्हणजे वेग फारच बरोबर होता.

शुक्रवार

आज परत फिरले.

माझा स्वतःशी एक करार आहे. अंथरुणातून उठून दाराबाहेर जायचं, दहा मिनिटं पळायचं; मग नकोसं वाटलं तर घरी यायची पूर्ण मुभा, अपराधी न वाटता. ही मुभा खरी असली तरच मन पांघरूण सोडायला तयार होतं. मनाला कळतं की ही आपल्याला फसवतेय का. एरवी दहा मिनिटं होईपर्यंत स्नायू तापलेले असतात. गार स्नायू सावकाश आकुंचन पावतात, मज्जातंतूंतून संदेशही हळू जातो, म्हणून सुरुवातीला पाय दुसऱ्या कोणाचे तरी वाटतात. ते आपले झाले की परतायची इच्छा राहत नाही. त्यामुळे करार आहे, पण वापरायची वेळ क्वचित येते.

आज आली. पारा शून्यावर होता. उतारावर कुठूनतरी गळणारं पाणी रात्रीतून रस्त्यावर पसरून गोठलं होतं. काचेचा पापुद्रा. विजेरीच्या उजेडात तो ओल्या डांबरासारखाच दिसत होता, फक्त जरा जास्तच गुळगुळीत. उजवा पाय इंचभर सरकला आणि सगळं अंग एकदम जागं झालं. रस्त्याच्या कडेच्या खडबडीत मातीवरून, लहान लहान पावलं टाकत मागे आले. दुसरा रस्ता होता, पण तिकडे वाहनं वेगात असतात आणि दिवे नाहीत. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळते, अंगात चमकणारं जाकीट असतं, तरी काळोखात तो रस्ता नको.

घरी हे पांघरुणातूनच म्हणाले, "झालं? इतक्यात?"

"हो, इतक्यात."

एका मैत्रिणीला कळवलं, तर तिने लगेच एमिल झाटोपेकचं उदाहरण फेकलं: तो बर्फातून लष्करी बूट घालून पळायचा म्हणे. पळायचा, खरंच. आणि 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं त्याने नेली, त्यात मॅरेथॉन तर आयुष्यातली पहिलीच. पण हाच झाटोपेक घरी टबमध्ये धुण्याचे कपडे भिजत टाकून त्यांच्यावर जागच्या जागी पळायचा, अशीही गोष्ट सांगतात. तिला उत्तर पाठवलं की आज मी झाटोपेकच्या त्या दुसऱ्या पद्धतीचा विचार करतेय, धुणंही बरंच साठलंय. दोन हसरे चेहरे आले आणि विषय संपला.

शनिवार

पिंडऱ्यांचे आणि मांड्यांचे व्यायाम, गच्च पडदे लावून घरातच. लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार

आठवड्याची लांब पल्ल्याची सकाळ. 16 किलोमीटर. उजाडल्यावरच निघाले, रविवारी ती चैन परवडते. गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं आणि ऊन त्याच्यावर येईल तिथे तिथे वाफ निघत होती.

वारा होता. वाऱ्यात पळायचं तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना तो पाठीशी घ्यायचा. उलट केलं तर अंग घामाने भिजल्यावर नेमका वारा समोरून येतो. त्यामुळे आज सुरुवातीची दहा मिनिटं दुप्पट वाईट होती, डोळ्यांतून पाणी, कपाळ दुखायला लागलेलं. वळल्यावर मात्र इतकं शांत झालं की जाकिटाची चेन उघडावी लागली.

पाण्याची बाटली आज आठवणीने प्यायले. थंडीत तहान लागत नाही, घाम कपड्यांतून कधी उडून जातो ते कळत नाही, श्वासातून पाणी जातं ते वेगळं, आणि वर लघवीही जास्त होते. रक्त आतल्या बाजूला गोळा झालं की मूत्रपिंडांना वाटतं पाणी जादा झालंय. उन्हाळ्यात बाटलीची आठवण करून द्यावी लागत नाही. आता ती हातात असून न पिता घरी परत येते.

बाराव्या किलोमीटरला काका बाकावर बसलेले दिसले. मी थांबले नाही, तेच उठून बरोबर आले.

"मार्चातली अर्धी मॅरेथॉन किती वेळात करायचीय?"

"दोन तासांच्या आत."

त्यांनी हिशेब केला. पूर्वी बँकेत होते. "21 किलोमीटर आणि वर 97 मीटर. म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद. आणि आत्ता तू पळतेस सात मिनिटांनी."

"आत्ता सातनेच पळायचंय, काका. जोरात पळणं फेब्रुवारीत."

त्यांचा चेहरा काही पटल्यासारखा नव्हता, म्हणून पुढचे दोन किलोमीटर मी त्यांना न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डबद्दल सांगितलं. त्याचे दोन शिष्य 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदक घेऊन आले, पीटर स्नेल 800 मीटरमध्ये आणि मरे हालबर्ग 5,000 मीटरमध्ये. दोन मिनिटंही न चालणाऱ्या शर्यतीसाठी स्नेल रविवारी 35 किलोमीटरच्या आसपास पळायचा. लिडियार्डचं म्हणणं असं की आधी काही महिने लांब पळून पाया घालायचा, वेग त्याच्यावर नंतर चढवायचा. अशा पळण्याने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, आणि हे काम आठवडाभरात होत नाही. मला वाटतं या पायाभरणीला थंडीच सोयीची. गार सकाळी जोरात पळायला घसाही नको म्हणतो आणि पायही. निवांत पळायला मात्र शरीर तापण्याची भीतीच नसते. लांब पल्ल्याला 5 ते 10 अंशांची हवा सर्वांत मानवते असं म्हणतात. मार्चात ती मिळाली तर बरं.

"स्नेलला सासूबाई नव्हत्या," काका म्हणाले. मंगळवारचा किस्सा मी त्यांना सांगितला होता.

घरी आल्या आल्या ओले कपडे काढले. यात पाच मिनिटांचीही दिरंगाई चालत नाही. पळणं थांबलं की उष्णता तयार होणं थांबतं, घाम मात्र अंगावरच असतो, आणि बघता बघता दात वाजायला लागतात. बूट काढायला वाकले तर लेस ओढायला बोटांत जोरच नव्हता. सासूबाईंनी येऊन गाठ सोडून दिली. काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी हातमोजे उचलले, उजव्या अंगठ्याकडे नीट पाहिलं आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून थेट बादलीत टाकले.

उद्या पुन्हा आठ किलोमीटर, पारा 2 अंशांवर जाईल म्हणतात. दुसरे हातमोजे शोधायला हवेत.