रात्रभर धुमसणारा स्टोव्ह

लाकडावर चालणारे स्टोव्ह आणि धुराडी बसवणं, दुरुस्त करणं हे माझं काम. गिऱ्हाईकं बहुतेक अशी की जिथे विजेची लाइन पोचलेलीच नाही, छपरावर दोन सोलर पॅनेल, त्यावर चार दिवे आणि फोन चार्जिंग, बाकी घर गरम ठेवायचं ते लाकडावरच. मागच्या हिवाळ्यातली एक केस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण तिथे जे होतं ते लाकूड जाळणाऱ्या कुठल्याही घरात होऊ शकतं.

घरातल्या मुलाचा मेसेज आला होता. नवीन स्टोव्ह घेऊन दुसरा हिवाळा, पहिल्या वर्षी मस्त चालला, यंदा लाकूड दुप्पट जातंय तरी घर तापत नाही, दार उघडलं की धूर तोंडावर येतो, येऊन बघा जमेल तेव्हा. आणि शेवटी सहज लिहावं तसं एक वाक्य, की आजीचं आणि छोटीचं रोज सकाळी डोकं दुखतं, थंडीनेच असेल. ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशीचं ठरलेलं काम पुढे ढकललं. त्याला लगेच फोन केला, म्हटलं आज रात्री खिडकी थोडी उघडी ठेवा, गारठा लागला तरी चालेल, आणि आजी न् छोटीला स्टोव्हच्या खोलीत झोपवू नका.

लाकूड हवा कमी पडून अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, बस एवढंच कळतं, आणि माणूस थंडी बाधली म्हणून पांघरूण ओढून परत झोपतो. या वायूची सूचना देणारा, बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो, लाइट नसलेल्या घरात तर तो पाहिजेच पाहिजे. या घरात नव्हता.

सकाळी पोचलो तर स्टोव्हची हवेची झडप जवळजवळ पूर्ण बंद, आत दोन जाडजूड ओंडके नुसते धुमसतायत, ज्वाळा नावाला नाही. काच काळीकुट्ट. कार्बन मोनॉक्साइड मोजायचा मीटर चालू केला तर खिडकी उघडी असूनसुद्धा आकडा वर चढायला लागला. सगळ्यांना बाहेर काढलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या, ओंडके आणि निखारे लोखंडी बादल्यांत भरून अंगणात नेले. आजी म्हणाल्या, अरे एवढ्या थंडीत विस्तव विझवतोस होय रे! त्यांना म्हटलं, आजी, संध्याकाळपर्यंत परत पेटवून देतो, तोवर उन्हात बसा.

मग लाकूड बघितलं. थप्पी छान रचलेली, पण प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत चारी बाजूंनी जमिनीपर्यंत गुंडाळलेली, म्हणजे आतला ओलावा आतच. एक फाटा नव्याने फोडला आणि ताज्या फोडीवर ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया रोवल्या (बाहेरून मोजायचं नाही, बाहेरून लाकूड कायम सुकंच दिसतं), तर ओलावा ३५ टक्क्यांच्या वर. पाहिजे २० च्या खाली. घरच्या काकांना विचारलं तर कळलं की पहिल्या हिवाळ्यात जुनी साठवलेली लाकडं जाळली, ती संपली, आणि यंदाची थंडी सुरू होताना तोडलेली. म्हणजे यंदा का बिघडलं याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

ओल्या लाकडाचा हिशोब लोकांना वाटतो त्यापेक्षा वेगळा आहे. समजा १० किलो लाकडात ४ किलो पाणी आहे, तर उरलेल्या ६ किलो कोरड्या लाकडात साधारण ३० युनिट (विजेच्या बिलात असतात तीच युनिटं) उष्णता असते, आणि त्या पाण्याची वाफ करायला जातात ३ युनिटच्या आसपास. म्हणजे थेट नुकसान दहावा हिस्साच. मग घर का तापत नाही? कारण लाकूड स्वतः असं फारसं जळतच नाही, तापल्यावर त्याच्या वजनाचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग गॅस होऊन बाहेर पडतो आणि खरी आग त्या गॅसची असते. तो गॅस नीट जळायला ६०० अंशांच्या आसपास तरी तापमान लागतं आणि भरपूर हवा. ओल्या लाकडाने तापमान पडतं, वरून झडप बंद केली की हवाही गेली, मग तो गॅस न जळता तसाच धुराड्यात चढतो, वर पाइप थंड मिळाला की आतून डांबर होऊन चिकटतो. म्हणजे विकत घेतलेली किंवा घाम गाळून तोडलेली उष्णता पाइपच्या आत लिंपली जाते.

आणि ती किती लिंपली होती ते छपरावर चढल्यावर दिसलं. ज्याने स्टोव्ह बसवला त्याने पाइप भिंतीतून बाहेर काढून उघड्यावरच एकेरी पत्र्याचा वर नेलेला, बाहेरच्या थंडीत नुसता गारठून जाणारा. पाइप ६ इंची, वरचा तुकडा उतरवून आत बघतो तर भोक जेमतेम ३ इंच उरलेलं. व्यास निम्मा झाला म्हणजे वाट चौथा हिस्साच उरली, अशा वेळी धूर खोलीत नाही येणार तर जाणार कुठे? आतला थर काळा, चकचकीत, व्हार्निश मारल्यासारखा. भुकटी असते ती काजळी तारेच्या ब्रशने निघते, हा असला चकचकीत थर ब्रशला दाद देत नाही. ठोकलं की काचेसारखे टवके उडत होते, पत्र्याला चिकटलेला भाग तसाच.

काका खालून म्हणाले, अहो साफ करा आणि पेटवा, पत्रा नवीन आहे, फेकायचा कशाला. मी खाली आलो, आणि समजावत बसण्यापेक्षा एक टवका घेतला, सुपारीएवढा, आणि अंगणातल्या बादलीतल्या निखाऱ्यांवर टाकला. काही क्षण काहीच झालं नाही. मग तो फुगायला लागला, फेसाळला, मूळच्या कितीतरी पट झाला आणि एकदम भडकला, पिवळीजर्द ज्वाळा, वर काळा धूर. काका दोन पावलं मागे सरले. मी म्हटलं, काका, असा थर वरपर्यंत आहे, आणि बाजूला तुमच्या छपराचं लाकूड. एखाद्या रात्री सुकं लाकूड मिळालं न् आग चांगली पेटली की हे सगळं एकदम पेटणार, आणि धुराड्यातली आग हजार अंशांच्या वर जाते. त्यावर काका काही बोलले नाहीत, स्वतःच शिडी धरायला आले.

नशीब म्हणजे दुसऱ्या एका कामासाठीचे दुहेरी भिंतीचे, मधे इन्सुलेशन असलेले पाइप गाडीत होते. बाहेरचा सगळा एकेरी पत्रा काढून टाकला आणि ते चढवले. उंची नीट धरली, छपराला जिथे ओलांडतं तिथून निदान ३ फूट वर आणि आजूबाजूला १० फुटांत जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच. धुराडं ओढतं ते आतली हवा गरम आणि हलकी असते म्हणून, त्यामुळे ते जितकं गरम राहील तितकं बरं. पंखा नको, मोटर नको, वीज नसलेल्या घराला याच्यासारखी सोय नाही, पण तिची काळजी घ्यावी लागते.

मुलगा हाताखाली होता, हुशार पोरगा, त्याने रॉकेट हीटरचे, म्हणजे बारीक लाकूड छोट्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या नळीत जोरात जाळणाऱ्या स्टोव्हचे, व्हिडिओ भरपूर बघितलेले. त्याचं म्हणणं हा स्टोव्ह काढून ड्रमचा रॉकेट करू. रॉकेट स्टोव्हची कल्पना १९८०च्या दशकात लॅरी विनियार्स्कीने मांडली, पुढे इयांटो इव्हान्स वगैरे लोकांनी तोच गरम धूर मातीच्या जाड बाकातून फिरवून घर तापवायचा प्रकार रुजवला, आणि चांगला बांधला तर तो खरंच फार कमी लाकडात भागवतो. मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण त्याला म्हटलं, त्यालाही सुकंच लाकूड लागतं, उलट जास्तच सुकं, कारण धूर बाकात सगळी उष्णता सोडून थंड होऊन बाहेर पडतो, ओढ आधीच बेताची असते. ओलं लाकूड घातलंस तर तो बाक डांबराने भरेल आणि बाक काही छपरावरच्या पाइपसारखा काढून बदलता येत नाही.

पेटवायला सुकं लाकूड आणायचं कुठून हा प्रश्न होता. मोडलेल्या गोठ्याचे जुने वासे मागे पडून होते, रंग किंवा व्हार्निश नाही हे बघून घेतलं आणि त्यांचे मनगटाएवढे फाटे केले, मीटरवर १४. रचताना जाड खाली, बारीक वर, आणि पेटवलं वरून. काकांना हे उलटंच वाटलं, पण वरून पेटवलं की खालून निघणारा गॅस वरच्या ज्वाळेतूनच जातो आणि तिथेच जळतो. झडप पूर्ण उघडी. पाइपला चुंबकाचं थर्मामीटर चिकटवलं होतं, बघता बघता १२०, मग १५०, मग २०० च्या जवळ जाऊन टिकलं. काचेवरचा काळा थर कडेने आपोआप जळत जाऊन काच स्वच्छ व्हायला लागली, छोटी टाळ्या पिटत होती. काका बाहेर जाऊन धुराड्याकडे बघून धावतच आत आले, म्हणाले विझलं की काय, धूरच नाही! धूर नव्हताच, वर फक्त गरम हवा लवलवत होती.

मग खरा वाद झाला. काकांचं म्हणणं, हे तर दीड-दोन तासात जळून जाईल, रात्रभर काय करायचं? झडप बंद करून रात्रभर विस्तव टिकवणं म्हणजे बचत हे डोक्यात इतकं पक्कं असतं ना. आणि ते चूक म्हणावं तर त्यांची अडचणही खरी, पातळ पत्र्याचा स्टोव्ह, आग संपली की तासाभरात गार. उत्तर आजींनीच दिलं. म्हणाल्या, आमच्या जुन्या घरात जाड विटांची भट्टी होती, तिन्हीसांजेला एकदा पेटवायची, सकाळपर्यंत पाठ टेकली तरी ऊब लागायची. मी म्हटलं, आजी, अगदी हेच मला सांगायचं होतं.

आग जोरात आणि थोडा वेळ, आणि तिची उष्णता दगडा-विटांत साठवायची. स्वीडनमध्ये जळणाची टंचाई झाली तेव्हा १७६७ मध्ये क्रॉनस्टेट आणि व्रेडे या दोघांना सरकारनेच कमी लाकडात चालणारी भट्टी करायला सांगितलं होतं, त्यांनी जाड भट्टीत धुराच्या वाटा खालीवर फिरवल्या. तत्त्व आजही तेच. एक टन विटा ४० अंशांनी निवल्या की ९ युनिटच्या आसपास उष्णता खोलीत सोडतात, तीही हळूहळू, रात्रभर. त्या दिवशी तेवढं करणं शक्य नव्हतं, जमिनीला भार पेलतो का तेही बघायचं होतं, तेव्हा स्टोव्हच्या दोन बाजूंना हवेला जागा सोडून घरात होत्या तेवढ्या विटा रचल्या, आणि काकांकडून शब्द घेतला की झोपायच्या आधी एक चांगली आग, पहाटे एक, मधे धुमसत ठेवायचं नाही. अलार्म माझ्याकडचा तिथेच ठेवून आलो.

उन्हाळ्यात जाऊन खाली काँक्रीटचा पाया घालून पक्की भिंत बांधली, धूर तिच्यातून दोनदा फिरवून मग वर नेला, आणि साफ करायला खाली दोन झाकणं ठेवली. लाकडाची थप्पी आता जमिनीपासून वर उचललेली, वरून पत्रा, बाजू मोकळ्या, आणि दोन वर्षांची पुढची सोय. मुलाने प्रत्येक थप्पीवर तोडल्याचा महिना खडूने लिहिलाय. या थंडीच्या आधी धुराडं उघडलं तर आत करडी सुकी भुकटी, ब्रशच्या एका फेरीत गेली. डोकेदुखीचं विचारलं तर सूनबाई म्हणाल्या त्या दिवसानंतर दोघींपैकी कुणीच तक्रार केली नाही. पोराला ब्रश दिलाय, थंडीत दर महिन्याला त्याने आत बघायचं, आणि ताज्या फोडीवर २० च्या वर आकडा आला तर ती थप्पी यंदा हात न लावता पुढच्या वर्षाला ठेवायची, एवढं ठरलंय.