तुरीचं बी आणि माझं

परवा ओल्या तुरीच्या शेंगा सोलता सोलता मायनं एकदम विचारलं, "तुले आता लेकरू होऊ शकते का नाही रे?"

आमचं गाव राळेगाव तालुक्यात. जन्मलो मुलगी म्हणून. तीन वर्षांपासून टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, इंजेक्शन घेतो. पाचव्या महिन्यात पाळी थांबली तेव्हा टपरीवर सगळ्या दोस्तांना चहा पाजला. कारण काही सांगितलं नाही.

पाळी गेली म्हणजे विषय खल्लास, असंच मी धरून चाललो होतो. पण इंजेक्शन चालू असतानाही बीज सुटू शकतं, दिवस राहू शकतात, आणि मग तेच औषध पोटातल्या गर्भाला बाधतं. म्हणजे जोडीदार पुरुष असेल तर निरोध, तांबी, काहीतरी हवंच. हे मला आमच्या ट्रान्स लोकांच्या ग्रुपवर कळलं. ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली त्यांनी रक्त तपासलं, लिव्हर तपासलं. पुढे लेकरू हवं का, एवढं मात्र विचारलं नाही. यांना कशाला लेकरं, असं धरलं असावं. ग्रुपमधल्या एका ट्रान्स ताईचंही तेच, ती जन्मली मुलगा म्हणून. तिच्या हार्मोनच्या गोळ्यांनी शुक्राणू कमी होतात, बंद केल्यावर परत येतीलच असं नाही. आधी साठवायचे तर फार खटपट नव्हती.

मायला सांगितलं, बीज काढून उणे १९६ अंशावर गोठवून ठेवतात.

"तुरीचं बी राखेत ठेवतो तसं?"

तसंच. फक्त राख फुकट मिळते. इथं दहा-बारा दिवस रोज सुया, खालून सोनोग्राफी, नागपुरात मुक्काम, तोही ऐन वेचणीत. त्याआधी बहुतेक डॉक्टर टेस्टोस्टेरॉन थांबवायला लावतात. दाढी राहते, पण पाळी परत येऊ शकते. ते मला झेपेल? खरं सांगतो, लेकरू हवं की नाही हेच अजून ठरलेलं नाही.

आणि आयव्हीएफसारख्या उपचारांचा २०२१ चा एआरटी कायदा बोलतो विवाहित जोडप्याबद्दल, नाहीतर २१ वर्षांवरच्या 'स्त्री'बद्दल. छातीच्या ऑपरेशननंतर माझ्या कागदांवर 'पुरुष' लागलं. कागद हातात आला त्या दिवशी मी रडलो होतो, आनंदानं.

मायनं शेंगांचा दुसरा ढीग पुढ्यात ओढला.

"मंग कागद बदलाच्या आधीच काढून ठेवाचं होतं का?"

"हो."

"अन् कोणी सांगतलं नाही."

"नाही."

तिनं एक किडकी शेंग बाजूला फेकली.