आमची वाटचाल : उसाच्या चिपाडापासून घन उत्प्रेरकापर्यंत

सांगली जिल्ह्यात उसाच्या चिपाडाला तोटा नाही. मात्र साखर कारखान्यांचे बॉयलर आणि सहवीजनिर्मिती प्रकल्प त्याला सहज गिऱ्हाईक असल्याने, ते फुकट मिळते हा बाहेरच्यांचा समज खरा नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमचा लहानसा उद्योग या चिपाडाचा हवा लागू न देता कोळसा करतो, त्यावर संहत सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करतो आणि तयार झालेला घन आम्ल उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना व छोट्या रसायन कारखान्यांना पुरवतो. २००५ साली जपानी संशोधकांनी ग्लुकोजपासून असाच सल्फोनेटेड कार्बन बनवून बायोडिझेलसाठी वापरून दाखवला होता. आमची कल्पना तिथूनच निघाली.

सर्वाधिक वेळ जातो तो धुण्यात. धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइड टाकल्यावर पांढरा साका (सल्फ्युरिक आम्ल शिल्लक असल्याची खूण) येईनासा होईपर्यंत कोळसा गरम पाण्याने धुवावा लागतो आणि ते आम्लयुक्त पाणी चुन्याने उदासीन करावे लागते. म्हणून 'हरित' हे विशेषण आम्ही जपूनच वापरतो. इंडोल आणि आल्डिहाइड या सेंद्रिय संयुगांची अभिक्रिया या उत्प्रेरकाने पाण्यात होते हे खरे. परंतु पाण्यात न विरघळणारे उत्पादन कोळशासोबतच गाळणीवर येते आणि ते वेगळे काढण्यासाठी गरम इथेनॉल लागते. ते इथेनॉलही हिशेबात धरावे, असे आम्ही ग्राहकांना सांगतो.

उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरता येतो, या दाव्यांविषयी मात्र आमचे मत कडक आहे. उत्प्रेरक भरपूर घालून अभिक्रिया शेवटपर्यंत चालू दिली, तर पाचव्या वापरातही उत्पादनाचा उतारा चांगलाच दिसतो आणि मधल्या काळात झडलेले सल्फोनिक गट (कोळशाला आम्लगुण देणारे रासायनिक गट) किंवा बुजलेली छिद्रे झाकली जातात. यासाठी आम्ही अभिक्रिया अर्ध्यावर असतानाच प्रत्येक वापरातील वेग मोजतो. शिवाय मिश्रण गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढतो. उरलेल्या द्रावात अभिक्रिया पुढे सरकत राहिली, तर काम घन पदार्थ नव्हे, पाण्यात उतरलेले आम्ल करत आहे असा संशय घ्यावा लागतो. या दोन्ही चाचण्यांचे आकडे प्रत्येक मालासोबत जातात, आणि ते पाहून काही ग्राहक दुसरीकडे वळले, हेही नमूद करायला हवे.

गाळण्याचा त्रास वाचावा म्हणून चुंबकाने ओढता येणाऱ्या मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडवर सध्या काम चालू आहे. आम्लात ते विरघळत असल्याने आधी त्यावर सिलिकाचे कवच चढवावे लागते आणि त्या कवचाचा खर्च अजून आमच्या दरात बसत नाही.