नाशिकरोड कॅम्प: नानामामांसोबत तोफखान्याच्या स्मारकावर

देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. लहानपणापासून कानावर असलेला तो आवाज; पण तोफखान्याच्या स्मारकापुढे मी उभी राहिले ती परवा, नानामामा राहायला आले म्हणून. मामा तोफखान्यातले निवृत्त हवालदार. १९९९ साली कारगिलच्या लढाईत द्रासला तोफेवर होते.

जाताना एक घोळ झाला. रिक्षावाल्याला नुसतं ‘आर्टिलरी’ सांगितलं, त्याने लॅम रोडने देवळाली कॅम्पात नेलं. तिथे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. म्युझियम आणि स्मारक आर्टिलरी सेंटरला, म्हणजे नाशिकरोड कॅम्पात. तसं स्पष्ट सांगा. नाशिकरोड स्टेशनवरून जवळ पडतं. लष्करी भाग आहे, मनात आलं आणि निघालो असं जमत नाही. परवानगीची चौकशी आधी करा, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा आणि जवानाला विचारल्याशिवाय फोटो काढू नका. २८ सप्टेंबरला जायचं असेल तर आवर्जून विचारून घ्या. १८२७ साली त्या दिवशी बॉम्बे माउंटन बॅटरी ही तोफांची तुकडी उभी राहिली, म्हणून तो तोफखान्याचा ‘गनर्स डे’. आत त्यांचे कार्यक्रम असतात.

म्युझियम तासाभरात बघून होईल असं वाटलं होतं. मामा ‘पंचवीस पाउंडर’ तोफेपाशीच अडकले. खाली वाकून त्यांनी मला नळीत बघायला लावलं. आत पिळाच्या बारीक खाचा, टोकापर्यंत गेलेल्या. “यांच्यामुळे गोळा स्वतःभोवती फिरत जातो, भरकटत नाही,” मामा म्हणाले. मग म्हणाले, “पायदळाला निशाण असतं, म्हणजे झेंडा. आमचं निशाण म्हणजे तोफच. ती टाकून मागे यायचं नसतं.”

हवालदार उमराव सिंगांची हकीकत त्यांनी तिथेच सांगितली. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. जपानी सैनिक तोफेवर चालून आले, दारूगोळा संपला, तेव्हा उमराव सिंग पहारीसारखा लोखंडी दांडा घेऊन भिडले. काही तासांनी आपली माणसं पोहोचली तेव्हा ते तोफेशेजारी निपचित पडलेले, अंगावर सात गंभीर जखमा, भोवती दहा शत्रुसैनिक मेलेले. तोफ शाबूत होती. ते वाचले, व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

कारगिलबद्दल मात्र मामांना विचारावं लागलं. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, रॉकेट्स डागली. बोफोर्स तोफांचा धडाका इतका, की मामांचा डावा कान कायमचा गेला. आजही त्यांच्याशी उजव्या बाजूने बोलावं लागतं. हे मला माहीत होतं. का, ते कधी विचारलंच नव्हतं.

स्मारकापाशी मामांनी चपला काढल्या. उन्हाने फरशी तापली होती, तरी सावधानमध्ये उभे राहिले. ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणतायत. जवळ गेल्यावर ऐकू आलं: तीन नावं, प्रत्येकापुढे गाव. एक सांगलीकडचं, दोन पंजाबातली. पुन्हा तीच, त्याच क्रमाने.

जमलं तर घरातल्या, शेजारच्या एखाद्या निवृत्त फौजीला सोबत न्या आणि सकाळी लवकर जा, फरशी तापायच्या आत. घाई करू नका. मामा तिथून हलायला पाऊण तास लागला, आणि तोवर गेटवरच्या तरुण जवानाने त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास आणून ठेवला होता.