माळ घातली नाही, एलडीएल वाढलं होतं

कोल्हापुरात मटण सोडलं म्हणून सांगितलं की समोरचा दोनच गोष्टी विचारतो. "माळ घातलीस काय?" नाहीतर "डॉक्टर काय म्हणाले?" आपणहून कुणी मटण सोडेल हे इथं कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि माझ्या बाबतीत तरी ते खरंच आहे. एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, १७१ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करू. मी तीन महिने मागून घेतले आणि मटण, अंडी, दूध, दही, तूप सगळंच बंद केलं. हे ऐकताना मटणापर्यंत लोक मान डोलावतात. दुधाचं नाव काढलं की चेहरा बदलतो. "दूध? दुधानं काय वाकडं केलंय तुझं?"

तेच सांगतो.

माझं तरुणपण तालमीत गेलं. कुस्ती काही मोठी खेळलो नाही, पण खुराकाची सवय लागली ती सुटली नाही. रात्री जेवून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचं. समोर म्हैस पिळणार, फेस आलेलं दूध तसंच ग्लासात, उभ्या उभ्या दोन ग्लास. दिवसभर उद्यमनगरात लेथवर उभं राहिल्यावर हा आपला हक्कच आहे असं वाटायचं. विशीत जोर-बैठका होत्या, तेव्हा जिरत होतं. पन्नाशीत जोर बंद पडले, ग्लास चालूच.

आता हिशेब बघा. म्हशीच्या दुधात फॅट साडेसहा टक्के धरली तर अर्ध्या लिटरात बत्तीस-तेहतीस ग्रॅम. त्यातली निम्म्याहून जास्त सॅच्युरेटेड, म्हणजे एलडीएल वाढवणारी, ती वीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण उष्मांकांत सॅच्युरेटेड फॅटचा वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवा. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे होतात साधारण २२ ग्रॅम. म्हणजे दिवसभर मी गवत जरी खाल्लं असतं तरी कट्ट्यावरच्या दोन ग्लासांत कोटा जवळपास संपत होता. शिवाय भाकरीवर तूप, दुपारचं दही, चार-पाच चहा वेगळेच. रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायचं काम लिव्हर करतं आणि सॅच्युरेटेड फॅट जास्त झाली की ही उचल मंदावते, असं डॉक्टरांनी समजावलं. मटण आठवड्यातून दोनदा व्हायचं, दूध रोज. तेव्हा माझ्यापुरता मोठा आरोपी बोकड नव्हता, म्हैस होती. हे कोल्हापुरात राहून लिहायला छाती लागते.

बाकी जेवणाचं फार अडलं नाही. झुणका-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, आमटी-भात, खरडा, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी. यात जनावराचं काही नसतंच. वरून तूप घालायचं नाही एवढंच. दह्याच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि लिंबू आलं. ताकाच्या जागी सोलकढी आली, पण तिच्याविषयी पुढं बोलतो.

कारण खरी गंमत इथंच आहे. भडंग व्हेगन आहे, म्हणजे त्यात जनावराचं काहीच नाही, दूधसुद्धा नाही. बटाटेवडा व्हेगन आहे. मिसळ, वरचा लालभडक कट, फरसाण, सगळं व्हेगन. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं व्हेगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये नियम आणलेत, पाकिटावर हिरवा व्ही दिसतो. त्या व्हीचा अर्थ आत जनावराचं काही नाही, एवढाच. बिस्किटात पाम तेल असेल तर त्यातली जवळपास निम्मी फॅट सॅच्युरेटेडच असते. खोबरेल तेलात तर ८० टक्क्यांच्या वर. म्हणजे पांढरा रस्सा मटणाच्या आळणीऐवजी भाज्यांच्या पाण्यात केला (चांगला होतो, काजू आणि तीळ जरा सढळ हातानं घाला), तरी नारळाच्या दुधामुळं माझ्यासारख्याला तो सणासुदीपुरताच. सोलकढीचंही तेच. "व्हेगन झालो" म्हणून भजी हाणणारा एक मित्र मला माहीत आहे. त्याच्या रिपोर्टवर मी काही बोलत नाही.

काम केलं असेल तर ते कडधान्यांनी, असं माझं मत आहे. दुधा-मटणाच्या जागी मटकी, हरभरा, चवळी, सोयाबीन, राजमा असं काहीतरी दोन्ही वेळेला. यातला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग नवीन पित्त करायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. पहिले पंधरा-वीस दिवस पोटात जे वारं सुटतं ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. भिजवलेलं पाणी फेकून द्या, हिंग घाला, सुरुवात मुगापासून करा. हरभऱ्याला एकदम हात घालू नका.

प्रोटीनचं काय, असं तालमीतले विचारतात. सोयाबीनच्या वड्यांत निम्मं प्रोटीन असतं, शेंगदाण्यात पाव. आणि कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप रगडून आपण थंडाई करायचो, त्यात दूध घातलं नाही तर ते बदामाचं दूधच की! बाजारात तेच खोक्यात भरून महाग विकतात, आणि त्यात बदाम किती असतात ते मागच्या बाजूला चष्मा लावून वाचा.

चहानं मात्र छळलं. सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं. वेगळं गरम करून, चहा खाली उतरवून मग घातलं तर टिकतं, पण चव काही जमली नाही. शेवटी कोरा चहा, लिंबू पिळून. तोही जेवणाला लागून नाही, कारण चहा डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागू देत नाही. लिंबू जेवणात पिळलं तर उलट फायदा.

बी-१२ ची गोळी मात्र मी चुकवत नाही. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, आपल्यापर्यंत ते मांस, अंडी, दुधातून येतं, भाजी-भाकरीत ते नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. त्यात जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं, आणि त्या काही व्हेगन नव्हत्या. तेव्हा आपल्याकडं साध्या शाकाहाऱ्यालाही जी अडचण आहे ती दूध सोडल्यावर वाढणारच. "निसर्गात सगळं मिळतं" म्हणणारा कुणी भेटला तर ऐकून घ्या आणि तपासणी करून या. कॅल्शियमसाठी नाचणी आहे: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, गायीच्या तेवढ्याच दुधात १२०. सगळं अंगी लागत नाही म्हणून मोड आणून दळतो. आई आंबील करायची, तीच आता रोज सकाळी, ताकाशिवाय.

गावाकडच्या म्हाईला, म्हणजे जत्रेच्या मटणाच्या जेवणाला, काय करायचं हा प्रश्न होता. ताटात बोकड नाही म्हटल्यावर आत्तीनं डोळे मोठे केले, मग स्वतःच उत्तर शोधलं. "माळ घातलीया व्हय? बरं केलंस बाबा." मला वाटलं सुटलो. गावात माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही, त्याची पंगत वेगळी बसते. तेवढ्यात आत्ती आत बघून ओरडली, "अगं, माळकऱ्याला बासुंदी वाढ!" वाटी समोर आली. एलडीएल म्हणजे काय हे आत्तीला समजावण्यापेक्षा शेजारच्या पोराला ती वाटी देणं सोपं होतं. पोरगं खूश.

तीन महिन्यांनी एलडीएल १२६ आलं. वजनही उतरलं, त्यामुळं यात कुणाचं श्रेय किती हे मला वेगळं काढता येणार नाही. डॉक्टरांनी गोळी पुढं ढकलली, रद्द केली नाही. कुणाला आधीच गोळी चालू असेल तर माझं वाचून ती बंद करू नका, माझ्या डॉक्टरांनीही तसं केलं नसतं. गुडघा दुखायचा तसाच दुखतो. चेहऱ्यावर तेज वगैरे आलं असेल तर बायकोला दिसलेलं नाही. ती अजून रविवारी सुकं करते, पोरं खातात, मी माझं पिठलं हाटतो. वासानं जीव कासावीस होतो हे खरं आहे.

सध्या भांडण कोजागिरीवरून चाललंय. तालमीच्या गच्चीवर दरवर्षी मोठ्या कढईत मसाला दूध आटतं. यंदा माझ्यासाठी पाण्यातली बदाम थंडाई करायला मंडळी तयार आहेत, पण अट अशी घातलीय की कुंडी मीच धरायची आणि ज्याला ज्याला हवी त्या सगळ्यांसाठी रगडायची. आतापर्यंत अकरा जणांनी नावं दिलीत. त्यातले निम्मे नंतर दूधही पिणार आहेत.